स्मबात लपुत्यान: आर्मेनियाच्या दुसरीच्या वर्गात बुद्धिबळ नेणारा ग्रँडमास्टर

तिरका_उंट

बुद्धिबळावरचे आपले धागे बहुतेक विश्वविजेत्यांवर किंवा चालू स्पर्धांवर निघतात. आज ज्याच्याबद्दल लिहितोय तो कधीच विश्वविजेता झाला नाही, उमेदवारांच्या स्पर्धेपर्यंतही पोचला नाही. तरी माझं स्पष्ट मत आहे की गेल्या पंचवीस वर्षांत हा खेळ साध्या घरातल्या साध्या मुलापर्यंत पोचवण्यात स्मबात लपुत्यानइतकं काम फार थोड्या ग्रँडमास्टरांनी केलंय. मराठीत त्याच्यावर काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

जन्म १४ फेब्रुवारी १९५८, येरेवान. तो पाच वर्षांचा असताना आर्मेनियात जे झालं ते समजून घेतल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. १९६३ मध्ये तिग्रान पेत्रोस्यानने मॉस्कोत बोत्विनिकला साडेबारा-साडेनऊ असं हरवून विश्वविजेतेपद मिळवलं. तिबलिसीत वाढलेला, युद्धाच्या काळात आईवडील गमावलेला, पोटासाठी रस्ते झाडलेला हा मुलगा. येरेवानच्या ऑपेरा चौकात मोठे पट उभारून मॉस्कोहून येणारी एकेक चाल लावली जायची आणि खाली माणसांची गर्दी. त्यानंतर कितीतरी घरांत मुलांची नावं तिग्रान ठेवली गेली. १९७० मध्ये येरेवानला खास बुद्धिबळासाठी बांधलेली त्रिकोणी आराखड्याची इमारत उघडली, तिला आता पेत्रोस्यानचंच नाव आहे. लपुत्यान या हवेत वाढला.

पण सोव्हिएत व्यवस्थेत चांगलं खेळणं पुरेसं नसे. येरेवानमध्ये पहिला आलात तरी पुढे तिबलिसी, बाकू, कीव्ह, लेनिनग्राड, मॉस्को अशी रांग उभी असायची. परदेशातल्या स्पर्धेला कोण जाणार हे वर ठरायचं. आज ज्यांची नावं आपण ऐकलेली नाहीत असे कितीतरी सोव्हिएत खेळाडू दुसऱ्या कुठल्याही देशात सहज पहिल्या पटावर बसले असते.

१९७६ चा एक डाव बुद्धिबळ शिकणाऱ्या बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. तिबलिसीला तरुणांच्या स्पर्धेत अठरा वर्षांचा लपुत्यान पांढरी मोहरी घेऊन बसलाय, समोर बाकूचा तेरा वर्षांचा गॅरी कास्पारोव्ह. सुरुवात किंग्ज इंडियन, म्हणजे काळ्याचा एक आक्रमक बचाव. पांढऱ्याने वजिराच्या बाजूला पुढे सरकण्यात वेळ घालवला, राजा मधेच राहिला. सोळाव्या चालीला कास्पारोव्हने ई४ च्या प्याद्यावर घोडा टाकला, लगेच वजिराने एच४ वरून शह, आणि त्यापुढे पांढऱ्याचा राजा सावरलाच नाही. कास्पारोव्हच्या निवडक डावांत हा डाव आवर्जून येतो. लपुत्यानचं नाव अनेकांना फक्त या हरलेल्या डावामुळे माहीत आहे, आणि मला हे नेहमी अन्यायाचं वाटत आलंय.

कारण पुढची कारकीर्द भक्कम आहे. १९७८ आणि १९८० मध्ये आर्मेनियाचा विजेता, १९८४ मध्ये ग्रँडमास्टर. १९८६-८७ च्या हेस्टिंग्जला लार्सन, स्पीलमन आणि चँडलरसोबत संयुक्त पहिला. १९८८ मध्ये डॉर्टमुंड जिंकलं. पांढरी मोहरी असली की वजिराचं प्यादं दोन घरं पुढे टाकून सुरुवात, काळी असली की फ्रेंच बचाव, ही त्याची पद्धत. फ्रेंचमध्ये काळ्याचा पांढऱ्या घरांतला उंट बराच काळ कोंडलेला असतो, जागा कमी असते, आणि वेळ येईपर्यंत थांबता आलं पाहिजे. आयुष्यभर फ्रेंच खेळणाऱ्याकडे धीर असतोच, नसेल तर तो दुसरा बचाव शोधतो. त्याचं पुढचं कामही याच धीराने झालं असं मला वाटतं.

मग देशावर एकामागून एक संकटं आली. डिसेंबर १९८८ चा भूकंप. त्यानंतर मेत्सामोरचा अणुवीज प्रकल्प बंद. १९९१ ला स्वातंत्र्य, पण पाठोपाठ अझरबैजानशी काराबाखचं युद्ध आणि नाकेबंदी. येरेवानमध्ये दिवसातून जेमतेम काही तास वीज, हिवाळा उणे तापमानात. मेत्सामोरचा प्रकल्प परत चालू झाला तो १९९५ मध्ये. याच काळात, १९९२ ला मनीलाच्या ऑलिंपियाडमध्ये (देशोदेशीच्या संघांची जागतिक स्पर्धा) आर्मेनिया पहिल्यांदा स्वतःच्या झेंड्याखाली खेळला आणि कांस्यपदक घेऊन परतला. वगान्यान, अकोप्यान, लपुत्यान, मिनास्यान ही त्या संघातली नावं. १९९६ चं ऑलिंपियाड तर येरेवाननेच भरवलं. ज्या शहरात नुकतेच दिवे परत आले होते तिथे जगभरचे संघ आले.

२००२ मध्ये लपुत्यानने आर्मेनियाची बुद्धिबळ अकादमी काढली. सोव्हिएत काळात पायोनियर राजवाडे (मुलांची सरकारी छंदकेंद्रं), क्लब, पगारी प्रशिक्षक अशी जी साखळी होती ती मोडली होती. शिकवणारे पोटापाण्यासाठी देश सोडत होते. त्या वेळी लपुत्यान ४४ वर्षांचा होता, २००१ लाच चौथ्यांदा राष्ट्रीय विजेता झाला होता, म्हणजे अजून खेळत होता. त्याने दोन्ही केलं. २००६ च्या तुरिन ऑलिंपियाडला आर्मेनियाने पहिल्यांदा सुवर्ण जिंकलं तेव्हा ॲरोनियन, अकोप्यान, अस्रियान, सर्गिस्यान, मिनास्यान यांच्याबरोबर अठ्ठेचाळीस वर्षांचा लपुत्यान संघात होता. चीन दुसरा, अमेरिका तिसरी. रशिया पहिल्या तिघांतही नव्हता.

आणि मग २०११. आर्मेनियाने दुसरी ते चौथीच्या वर्गांत बुद्धिबळ सक्तीचा विषय केला, आठवड्याला दोन तास, गणित-भाषेसारखाच वेळापत्रकात. पाठ्यपुस्तकं आणि शिक्षकांचं प्रशिक्षण अकादमीकडे. ग्रँडमास्टरांना शोधून काढणं हा यामागचा हेतू नसल्याचं लपुत्यान सांगत आलाय. मुलाने स्वतः विचार करून निर्णय घ्यावा, चुकला तर त्याची जबाबदारी घ्यावी, हे त्याला शाळेत आणायचं होतं. पुढे फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, शिक्षणविषयक समितीचं अध्यक्षपदही त्याच्याकडे आलं.

सगळ्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास, म्हणजे जवळपास आपल्या पुणे शहराएवढी. तिथल्या प्रत्येक आठ वर्षांच्या मुलाला घोडा कसा चालतो हे माहीत असतं. मला हे फार मोठं वाटतं. तुम्हाला काय वाटतं?

---

प्यादे_सातव्या_घरात

सुंदर लेख. तिबलिसीचा तो डाव परत लावून बघितला. तेरा वर्षांच्या मुलाने घोडा टाकला हे सगळे सांगतात, पण मला त्यापुढची चाल जास्त आवडते. शहानंतर पांढऱ्याने जी-प्यादं पुढे केलं, काळ्याने वजीर तसाच मारात सोडला आणि हत्तीने बी१ वरचा हत्ती उचलला, तोही शह देत. राजा एफ२ वर गेला. इथे कुणीही आधी वजीर वाचवेल. कास्पारोव्हने हत्ती बी२ वर आणून पांढऱ्याच्या वजिरावरच मारा धरला. वजिराच्या बदल्यात वजीर, आणि हल्ला तसाच चालू.

लपुत्यानबद्दल एक भर. आर्मेनियाच्या यशाचा विषय निघाला की एकट्या ॲरोनियनचं नाव येतं, पण २००६ चा संघ पाहिला तर तीन पिढ्या एका बाकावर बसलेल्या दिसतात. लपुत्यान ५८ चा, अकोप्यान ७१ चा, ॲरोनियन ८२ चा. सोव्हिएत शाळेत शिकलेला माणूस आणि अंधाराच्या वर्षांत शिकलेला मुलगा एकाच संघात.

---

गणिताच्या_बाई

लेख आवडला, माणूसही आवडला. पण सक्तीच्या बाबतीत मी सहमत नाही, आणि हे वर्गात उभी राहून शिकवणारी म्हणून सांगते.

बुद्धिबळाने गणित सुधारतं असं छातीठोकपणे सांगितलं जातं. इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळांत याची नीट चाचणी झाली होती. पाचवीच्या मुलांना वर्षभर तासिकेत बुद्धिबळ शिकवलं, शिकवायला बाहेरून प्रशिक्षक आणले, आणि कोर्स संपल्यानंतर वर्षभराने त्यांची गणिताची पातळी बाकीच्या मुलांशी ताडून पाहिली. २०१६ मध्ये अहवाल आला. फरक सापडला नाही. मुलांना मजा आली, शिक्षकांना आवडलं, गणित होतं तिथेच राहिलं.

आमच्या शाळेत आधीच चित्रकला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण या तासिका कागदावर असतात आणि प्रत्यक्षात त्यात राहिलेला अभ्यासक्रम उरकला जातो. त्यात अजून एक विषय म्हणजे अजून एक रजिस्टर. शिकवणार कोण? ज्याला स्वतःला खेळता येत नाही त्याने पुस्तक वाचून शिकवलं तर मुलं त्या खेळाचा कायमचा तिटकारा करतील. सक्तीच्या कवितांचं काय होतं ते आपण सगळ्यांनी भोगलंय.

---

तिरका_उंट

बाई, इंग्लंडच्या अहवालाबद्दल तुमचं बरोबर आहे आणि तो मी नाकारत नाही. म्हणूनच मला लपुत्यानची मांडणी जास्त प्रामाणिक वाटते. गणिताचे गुण वाढतील यावर त्याने सगळा डाव लावलेला नाही. शिवाय इंग्लंडमध्ये एक वर्ष आणि तीस तास होते, इथे तीन वर्षं सलग, लहान वयात. गणितावर परिणाम होतो की नाही हे मी सांगू शकत नाही. पण आठ वर्षांच्या मुलाला आपला डाव हरल्यावर समोरच्याशी हात मिळवायला शिकवणं, हे एवढं एक झालं तरी दोन तास वाया गेले असं मी म्हणणार नाही.

शिक्षकांचा प्रश्न मात्र खरा आहे. आर्मेनियात पिढ्यान्पिढ्या खेळणारी माणसं होती, त्यामुळे शिकवायला तयार करता येतील असे लोक गावोगावी सापडले. आधी अकादमी निघाली आणि शाळेतला विषय नऊ वर्षांनी आला, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

---

कृष्णाकाठ_सांगली

तिरका उंट, धाग्याबद्दल मनापासून धन्यवाद. वाचताना सतत आमच्या सांगलीचे भाऊसाहेब पडसलगीकर डोळ्यासमोर येत होते. नूतन बुद्धिबळ मंडळ हे नाव महाराष्ट्रातल्या जुन्या खेळाडूंपैकी कुणाला माहीत नसेल असं होणार नाही. दर उन्हाळ्यात सांगलीत स्पर्धा, बाहेरगावच्या पोरांची सोय, आणि भाऊसाहेब स्वतः सगळीकडे. सरकारचं पाठबळ नाही, पुस्तक नाही, वेळापत्रक नाही. एका माणसाने एका गावात जे उभं केलं ते त्याच्यामागेही मंडळाने चालू ठेवलं.

माझा प्रश्न एवढाच की लपुत्यानला राष्ट्राचं पाठबळ कसं मिळालं? आपल्याकडे असे वेडे लोक कमी नव्हते, पण शाळेचं दार त्यांच्यासाठी कधी उघडलं नाही.

---

काळा_घोडा

कृष्णाकाठ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर राजकारणात आहे. सेर्झ सर्ग्स्यान हे २००४ पासून आर्मेनियाच्या बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष होते आणि २००८ मध्ये ते देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. महासंघाचा अध्यक्षच राष्ट्राध्यक्ष असेल तर शिक्षण खात्याला फोन लावायला किती वेळ लागतो? २००६ आणि २००८ चं सुवर्ण हाताशी, वर खेळावर प्रेम करणारा राष्ट्राध्यक्ष. लपुत्यानचं कौतुक आहेच, पण हे सगळं एकट्याच्या धीराने झालं असं चित्र उभं राहायला नको. या पाठबळाची दुसरी बाजूही दिसली. २०१८ मध्ये सरकार बदललं आणि २०२१ मध्ये ॲरोनियनने अमेरिकेकडून खेळण्याचा निर्णय जाहीर केला तेव्हा सरकारची अनास्था हे कारण त्याने उघडपणे सांगितलं. खेळ एका माणसाच्या मर्जीवर उभा असला की असं होतं.

दुसरं, प्रशिक्षक म्हणून बोलायचं तर माझं मत अर्शाक पेत्रोस्यानला. विश्वविजेत्या तिग्रानशी नातं नाही, फक्त आडनाव सारखं. १९५३ चा येरेवानचा, १९८४ चा ग्रँडमास्टर. २००६, २००८ आणि २०१२, तिन्ही सुवर्णांच्या वेळी संघाची धुरा याच्याकडे होती. तिकडे हंगेरीचा पीटर लेको हा त्याचा शिष्य आणि जावईही. २००४ मध्ये ब्रिसागोला लेको क्रामनिकविरुद्ध विश्वविजेतेपदाचा सामना सात-सात बरोबरीत खेळला, शेवटचा डाव हरला नसता तर विश्वविजेता झाला असता. त्या तयारीमागे सासरा होता. संघाला बांधून ठेवणं, कुणाला कुठल्या पटावर बसवायचं, कोणत्या दिवशी कुणाला विश्रांती द्यायची, हे काम बाहेर दिसत नाही. तीस लाखांच्या देशाने रशियाला मागे टाकून तीनदा सुवर्ण घेतलं त्याचं मोठं श्रेय मी अर्शाकला देतो.

---

तिरका_उंट

काळा घोडा, राजकीय पाठबळाचा मुद्दा मान्य. पण सर्ग्स्यान सत्तेतून गेल्यावरही शाळांतला विषय टिकला. पाठ्यपुस्तक आणि शिक्षक तयार असले की विषय कुणाच्या मर्जीवर राहत नाही, असं मी म्हणेन. आणि अर्शाकवर तुम्ही वेगळा धागा काढाच, मी वाट बघतो.

२००८ च्या ड्रेस्डेन ऑलिंपियाडबद्दल एक गोष्ट इथेच लिहायला हवी. त्याच वर्षी जूनमध्ये कारेन अस्रियान गेला. वय अवघं अठ्ठावीस. येरेवानमध्ये गाडी चालवताना हृदयविकाराचा झटका. तुरिनच्या सुवर्णसंघात तिसऱ्या पटावर बसलेला हा मुलगा. त्याच महिन्यात येरेवानला होणारी जलद बुद्धिबळाची स्पर्धा त्याच्या नावाने खेळली गेली. आणि नोव्हेंबरात बाकीच्यांनी ड्रेस्डेनला जाऊन पुन्हा सुवर्ण आणलं, शेवटच्या फेरीत चीनला हरवून. ते त्यांनी कारेनला अर्पण केलं. मी तेव्हा रोज रात्री निकाल बघत होतो. मला तो विजय तुरिनपेक्षा मोठा वाटतो.

---

मांडवीकाठ

गोव्याचा म्हणून लिहितो. ॲरोनियनचं आणि गोव्याचं नातं बऱ्याच जणांना माहीत नसेल. २००२ ची जागतिक ज्युनियर स्पर्धा गोव्यात झाली आणि ती जिंकली वीस वर्षांच्या लेव्हॉन ॲरोनियनने. मुलींत चीनची झाओ श्वे पहिली आणि आपली कोनेरू हंपी टायब्रेकवर दुसरी. पुढे २०२५ च्या नोव्हेंबरात वर्ल्ड कप गोव्यात आला तेव्हा ॲरोनियन परत इथे खेळला, या वेळी अमेरिकेच्या झेंड्याखाली, आणि आपल्या अर्जुन एरिगैसीने त्याला बाहेर काढलं. हा गृहस्थ दोनदा वर्ल्ड कप जिंकलेला, २०१४ मध्ये २८३० मानांकन गाठलेला. हरल्यावरही त्याचा वावर बघण्यासारखा असतो.

प्रशिक्षकांचा विषय निघालाच आहे तर मेलिकसेत खाचियानचं नाव घेतल्याशिवाय धागा पुरा होणार नाही. खाचियान अझरबैजानमधल्या बाकूचा आर्मेनियन, जन्म १९७०. बाकूतल्या आर्मेनियनांवर हल्ले झाले तेव्हा हजारो कुटुंबांसारखा तोही येरेवानला निर्वासित म्हणून आला. राहायला घर नाही. ॲरोनियनच्या आईवडिलांनी त्याला आपल्या घरात घेतलं. भाडं नको, आमच्या मुलाला बुद्धिबळ शिकवा. लेव्हॉनला खेळ शिकवला होता त्याच्या बहिणीने, लिलितने. खरी घडण खाचियानच्या हाती झाली. बाहेर वीज नाही, शेकोटी पेटवायला लाकूड नाही, आणि घरात शिक्षक चोवीस तास. १९९४ ला सेगेदला बारा वर्षांखालील जागतिक स्पर्धा लेव्हॉनने जिंकली. त्यात पोनोमार्योव्ह, ग्रिशचुक, बाक्रो अशी मुलं मागे राहिली. यातला पोनोमार्योव्ह पुढे फिडेचा विश्वविजेता झाला.

शिष्य जगातल्या पहिल्या दहांत गेला तेव्हा गुरूकडे ग्रँडमास्टर किताबही नव्हता. खाचियानला तो मिळाला २००६ मध्ये, अमेरिकेत गेल्यावर. शिकवण्यात गेलेली वर्षं स्वतःच्या मानांकनात कुठेच दिसत नाहीत.

---

पॅसिफिककाठचा_वऱ्हाडी

मांडवीकाठ भाऊ, लय भारी लिहिलं. मी लॉस एंजेलिसकडे राहतो. इथल्या ग्लेंडेल गावात आर्मेनियन वस्ती प्रचंड आहे. बागेत बाकावर म्हातारी माणसं पट मांडून बसलेली असतात, कुणाचं कुणाकडे लक्ष नसतं. खाचियान याच भागात शिकवतो. माझ्या मुलीच्या रविवारच्या स्पर्धांना आर्मेनियन मुलं असतातच, आणि त्यांचे आजोबा बरोबर येतात. आपल्याकडे आईवडील पालक-खोलीत निकालाची वाट बघत फोनवर असतात. हे आजोबा डाव संपला की नातवाला बाजूला घेऊन पट मांडतात आणि पहिल्या चालीपासून सगळं परत लावतात. जिंकलेला डावसुद्धा. मी एकांना विचारलं, जिंकल्यावर काय बघायचं? म्हणाले, हरल्यावर मूल ऐकत नाही, जिंकल्यावर ऐकतं.

मूळचा नागपूरचा असल्याने एक सांगायलाच पाहिजे. २०२२ च्या चेन्नई ऑलिंपियाडला आपल्या दुसऱ्या संघाने पहिला पराभव खाल्ला तो आर्मेनियाकडून, दीड-अडीच. गुकेशने पहिल्या पटावर सर्गिस्यानला हरवलं होतं, पण खालच्या दोन पटांवर अधिबान आणि आमचा नागपूरचा रौनक साधवानी हरले. ॲरोनियन नसताना या संघाने शेवटी रौप्य नेलं, सुवर्ण उझबेकिस्तानला, कांस्य आपल्या त्याच पोरांना. मोठा खेळाडू गेला तरी मागे माणसं होती. मला वाटतं इथे अकादमीचं काम दिसतं.

---

शुभदा_ठाणे

एवढी आर्मेनियन नावं आली, त्यात एकही बाई नाही (लिलितला सोडून!), म्हणून लिहिते. २००३ मध्ये प्लॉव्हदिवला युरोपियन सांघिक स्पर्धेत आर्मेनियाच्या महिलांनी सुवर्ण जिंकलं. एलिना दानिएल्यान, लिलित म्कृतच्यान आणि नेली अगिन्यान. म्हणजे पुरुषांच्या तुरिनच्या सुवर्णाआधी तीन वर्षं. यावर फारसं कुणी लिहीत नाही.

शाळेत सक्ती केल्याचा मला दिसणारा सगळ्यात मोठा फायदा हाच. ऐच्छिक वर्ग असला की मुलगे येतात. मुलींना घरून पाठवलं जात नाही, किंवा दहा मुलग्यांत एकटी बसायला नको म्हणून ती स्वतःच येत नाही. तासिकेत सगळा वर्ग बसतो. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात पट होता, तो दादाचा होता. खाडिलकर भगिनींच्या घरात वडिलांनी तिघींना पटावर बसवलं म्हणून वासंती, जयश्री, रोहिणी ही नावं झाली. ज्या घरात तसे वडील नाहीत त्या मुलीला पटापर्यंत शाळाच नेऊ शकते.

---

गणिताच्या_बाई

शुभदाताई, तुमचा मुद्दा मला पटला. गणिताच्या फायद्यापेक्षा हे कारण कितीतरी खरं आहे. माझ्या वर्गात बुद्धिबळ खेळणारी आठ-दहा मुलं आहेत, त्यात मुली दोन, आणि दोघींचेही वडील खेळतात.

तरी सक्तीला माझा विरोध कायम आहे, निदान आपल्या आजच्या शाळांत. तमिळनाडूने २०१२ च्या सुमारास सात ते सतरा वयाच्या मुलांसाठी शाळाशाळांत स्पर्धांची योजना आणली, ती मला जास्त झेपणारी वाटते. स्पर्धा तालुक्याला, जिल्ह्याला होतात, मुलं खेळतात, शिक्षकावर पाठ्यपुस्तक पुरं करण्याचं ओझं नाही. पण तुमच्यामुळे एक प्रश्न डोक्यात राहिला की अशा योजनेत मुली किती येतात. तिरका उंट, आर्मेनियात चौथीनंतर काय होतं? विषय संपला की मूल खेळ सोडतं का?

---

तिरका_उंट

बाई, चौथीनंतर तो सक्तीचा राहत नाही. ज्याला पुढे जायचंय तो क्लबात किंवा अकादमीत जातो, बाकीचे सोडतात. लपुत्यानच्या दृष्टीने सोडणाऱ्या मुलावर केलेलं कामही वाया जात नाही. मला त्याच्या कामातली सगळ्यात पटलेली गोष्ट हीच. शंभरातून एक ग्रँडमास्टर शोधायचा तर नव्व्याण्णव मुलं गाळात जातात, आणि आपल्याकडच्या बहुतेक क्लासेसचं गणित असंच असतं. मानांकन वाढत नाही म्हणून बाराव्या वर्षी खेळ सोडलेली कितीतरी मुलं मी पाहिलीत. त्यांना पट बघवत नाही.

शुभदाताई, २००३ बद्दल विशेष आभार. दानिएल्यानवर थोडं सविस्तर लिहाल का?

---

काळा_घोडा

जाता जाता आणखी एक नाव, कारण आर्मेनियातलं शिकवणं त्याच्याशिवाय समजणार नाही. गेन्रिख कास्पार्यान. जन्म १९१० तिबलिसी, मृत्यू १९९५ येरेवान. दहा वेळा आर्मेनियाचा विजेता, पण जगाला माहीत आहे तो अंतिम डावाच्या रचनांसाठी. रचनेचा ग्रँडमास्टर हा किताब १९७२ ला फिडेने पहिल्यांदा दिला तेव्हा पहिल्या मोजक्या मानकऱ्यांत तो होता. पटावर चार-पाच मोहरी आणि जिंकायची एकच वाट. सोव्हिएत प्रशिक्षक मुलांना पाठांतराच्या सुरुवाती शिकवण्याआधी अशा रचना सोडवायला बसवत.

बाईंना आणि कुणाही शिकवणाऱ्याला माझी सूचना, सुरुवात इथून करा. बत्तीस मोहऱ्यांचा पट आठ वर्षांच्या मुलाला मोठा होतो. एक राजा, एक प्यादं, समोर एक राजा. प्यादं वजीर होतं की नाही एवढंच शोधायचं. अर्ध्या तासात सगळा वर्ग फळ्यापाशी येतो.

---

गणिताच्या_बाई

हे मात्र मी करून बघणार आहे. राजा-प्याद्याच्या आणखी काही स्थिती असतील तर कृपया इथेच टाका, चढत्या क्रमाने. तिसरीच्या मुलांसाठी हव्यात.

---

प्यादे_सातव्या_घरात

बाई, ही पहिली. पांढरा राजा ई६, प्यादं ई५, काळा राजा ई८. आधी पांढऱ्याची चाल, मग तीच स्थिती काळ्याची चाल. दोन्ही वेळा पांढरा जिंकतो, पण कसा ते मुलांनी स्वतः शोधू दे. दुसरीत सगळं एक ओळ खाली आणा: राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७. आता चाल कुणाची यावर सगळं ठरतं. काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर बरोबरी. या दोन जमल्या की पुढच्या देतो.